प्राचीन वाङ्मयातील परके आणि त्यांची वाणी



चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘प्राचीन वाङ्मयातील परके’ असे कळवून टाकले. फलकावर ते शब्द वाचून एका स्नेह्याने आम्हांस विचारले, “म्हणजे शक, यवन, हूण यांच्याविषयी बोलणार ना?” त्यांच्याविषयी बोलावयास हरकत नाही. पण ते घोड्यांवर बसून आले, त्यांनी राज्ये केली, नाणी पाडली, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची प्रकरणे झाली. आमच्या मनातले परके निराळे आहेत. ते कोठून आलेच नाहीत. ते येथेच होते. गावाची शीव संपते आणि डोंगर सुरू होतो तेथे. ग्रंथकारांनी त्यांस निषाद म्हटले, शबर म्हटले, पुलिंद म्हटले, भिल्ल म्हटले. नंदुरबारात उभे राहून हा विषय बोलावयाचा म्हणजे जरा अवघडच, कारण सातपुडा येथून फार दूर नाही. धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी निराळ्या झालेल्या आपल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शेकडा ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. तेव्हा परके कोण, हा हिशेब डोकी मोजून करू गेलो तर तो आपल्यावरच उलटावयाचा.

परका कसा ओळखावा? रंगावरून, वेषावरून, खाण्यापिण्यावरून, असे आपणांस वाटेल. जुन्या लोकांची पहिली खूण मात्र कानाची होती. म्लेच्छ या शब्दाचा मूळ अर्थ धर्माशी संबंध असलेला नाही. अस्पष्ट, अशुद्ध बोलणे असा त्या धातूचा अर्थ आहे. पतंजलीने महाभाष्यात असुरांचा एक जुना दाखला दिला आहे. ‘अरि’मधल्या ‘र’च्या जागी त्यांच्या तोंडून ‘ल’ आला, आणि तेवढ्यावरून त्यांचा पराभव झाला! व्याकरण का शिकावे, याचे ते एक कारण. तिकडे ग्रीकांनीही हेच केले. ज्याचे बोलणे आपल्या कानाला नुसते ‘बर बर’ असे लागते तो बार्बारोस. रोमनांनी तो शब्द ग्रीकांपासून उचलला, आणि आपल्याकडेही बर्बर आहेच. दोन दूरच्या समाजांनी एकच न्याय केला. ज्याचे बोलणे आपणांस कळत नाही, त्याला बोलताच येत नाही, असा तो न्याय.

रोमचे नाव निघालेच आहे, तर थोडे तिकडे जाऊन येऊ. इसवी सन ९८ च्या सुमारास टॅसिटस या इतिहासकाराने आपला सासरा अग्रिकोला याचे चरित्र लिहिले. अग्रिकोलाने ब्रिटन जिंकत जिंकत उत्तरेच्या डोंगरांपर्यंत मजल मारली होती. तेथल्या शेवटच्या लढाईपूर्वी डोंगरी लोकांचा पुढारी काल्गाकस आपल्या माणसांपुढे उभा राहतो आणि रोमच्या साम्राज्यावर असा काही कोरडा ओढतो, की साम्राज्याविरुद्धचे तितके जळजळीत भाषण क्वचितच वाचावयास मिळते. पण ते भाषण कोणी लिहिले? टॅसिटसने. कोणत्या भाषेत? उत्तम, घडीव लॅटिनमध्ये. काल्गाकसने आपल्या बोलीत काय सांगितले असेल, त्यातला एक शब्द उरलेला नाही. टॅसिटसला स्वतःच्या साम्राज्याविषयी जे म्हणावयाचे होते, ते त्याने परक्याच्या तोंडी घातले. हा त्याच्या मनाचा मोठेपणा, यात शंका नाही. परक्याचे तोंड मात्र त्याने त्यासाठी उसने घेतले.

याच्या उलट टेरेन्सची गोष्ट. तो आफ्रिकेतला, कार्थेजचा म्हणून सांगतात. रोममध्ये गुलाम होता, धन्याने शिकविले आणि मुक्त केले. त्याने सहा नाटके लिहिली आणि पुढे शेकडो वर्षे रोमची आणि युरोपची मुले त्या नाटकांवरून शुद्ध लॅटिन शिकली. परक्यालाही मान मिळाला, पण तो मालकाची भाषा मालकापेक्षा चांगली बोलला तेव्हा.

आणि तिसरा ओव्हिड. रोमचा लाडका कवी. बादशहा ऑगस्टसची मर्जी फिरली आणि इसवी सन ८ मध्ये त्याला काळ्या समुद्राकाठी तोमिस येथे हद्दपार केले. तेथे भोवती गेटी लोक. त्यांना लॅटिन येईना, ह्याला गेटी येईना. हा बोलला की ते हसत. तेव्हा या कवीला एक गोष्ट उमगली आणि ती त्याने लिहून ठेवली, की येथे बार्बारोस तो स्वतःच आहे. पुढे तो गेटी शिकला आणि त्या भाषेत त्याने एक काव्यही रचले. ते आपण रचले याची त्याला लाज वाटते, हेही तो सांगतो. ते काव्य आज नाही. ओव्हिडचे लॅटिन काव्य पिढ्यान् पिढ्या नकलून घेणाऱ्यांपैकी कोणीही ते गेटी पान उतरून घेतले नाही. हे काव्य ध्यानात असू द्यावे. असेच एक आपल्याकडेही आहे.

आता घरी येऊ. आपल्या काव्याचा जन्म कसा झाला, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. तमसेच्या तीरावर क्रौंच पक्ष्याचे जोडपे रमले होते, एका निषादाने नराला बाण मारला, वाल्मीकीला शोक झाला आणि त्या शोकाचा श्लोक झाला. शाळेपासून आपण हे ऐकत आलो आहो. पण आदिकवीचा तो पहिला श्लोक म्हणजे एका निषादाला दिलेला शाप आहे, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. निषाद काही उत्तर देत नाही. तो पोटासाठी शिकार करीत होता की कशासाठी, हे कोणी विचारीत नाही. वाल्मीकीच्या करुणेला आम्ही नाव ठेवीत नाही. पण त्या प्रसंगी बोलणारा एक आणि न बोलणारा एक, एवढे दिसते ते दिसते.

महाभारतातला एकलव्य सर्वांच्या परिचयाचा, तेव्हा कथा सांगण्यात वेळ घालवीत नाही. आमच्या मनात राहते ती द्रोणपर्वातली एक जागा. घटोत्कच पडल्यावर कृष्ण अर्जुनाला हिशेब सांगतो, की तुझ्या हितासाठी कोणाकोणाला वाटेतून दूर करावे लागले. त्यात निषादपुत्र आहे. आणि द्रोणाने गुरुपणाचा आव आणून कपटाने त्याचा अंगठा घेतला, असे तेथे स्वच्छ म्हटले आहे. म्हणजे ज्याला आपल्या पाठ्यपुस्तकांनी गुरुभक्तीचा धडा केले, त्याला खुद्द महाभारत कपट म्हणते. महाभारत आपल्या वाचकांपेक्षा पुष्कळदा अधिक प्रामाणिक असते.

तरीही त्याच महाभारतात लाक्षागृह आहे. वारणावतास निघताना विदुराने धर्मराजाला सावधगिरीचा जो निरोप सांगितला, तो म्लेच्छवाणीत सांगितला, असा आदिपर्वात उल्लेख आहे. भोवतालच्यांस तो कळू नये हा हेतू. पांडव वाचले ते या परक्या बोलीने. आणि ज्या रात्री ते भुयारातून निसटले, त्याच रात्री एक निषादी आपल्या पाच मुलांसह अन्नासाठी तेथे आलेली होती. ती खाऊनपिऊन तेथेच निजली. सकाळी राखेत सहा प्रेते मिळाली, आणि कुंती व पांडव मेले अशी सर्वांची खात्री झाली. त्या सहा जणांना नावे नाहीत. त्यांच्यासाठी कोणी रडले नाही असे मात्र नव्हे, वारणावताचे लोक पुष्कळ रडले. पण ते पांडवांसाठी! ज्यांची वाणी उपयोगी पडली तेच जळाले, असे काही व्यासांस सुचवावयाचे होते की काय, हे सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. दोन्ही गोष्टी एकाच उपाख्यानात पाठोपाठ आहेत, एवढे खरे. इरावतीबाई कर्वे यांनी १९६७ च्या ‘युगान्त’मध्ये खांडववनाच्या दाहाविषयी जे लिहिले आहे, ते ज्यांनी वाचले असेल त्यांना या राखेचेही नवल वाटणार नाही.

बाणभट्टाकडे येताना आम्हांस जरा आनंद होतो, कारण या माणसाने विंध्याचे अरण्य डोळे भरून पाहिले होते. ‘हर्षचरिता’च्या शेवटी हर्ष आपल्या हरवलेल्या बहिणीला, राज्यश्रीला, विंध्यात शोधीत फिरतो. सैन्य आहे, सरदार आहेत, पण वाट कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा निर्घात नावाचा एक शबर तरुण त्याच्यापुढे आणला जातो. त्याचे चपटे नाक, दंड, धनुष्य, हे सगळे बाण अशा बारकाईने रंगवितो, की तो तरुण आपल्यासमोर उभा राहतो. आणि हा निर्घात बोलतो! या अरण्यातले पान हालले तरी आम्हांस कळते, अशा आशयाचे बोलतो, आणि राजाला दिवाकरमित्र या भिक्षूच्या आश्रमाकडे नेतो. राज्यश्री सापडते. ही बाणाची एक बाजू. ‘कादंबरी’त त्याचीच दुसरी बाजू आहे. तेथे शबरांची सेना जाताना पाहून निवेदक म्हणतो, की यांचे सगळे जिणेच अज्ञानाचे. कोल्ह्याची कुई हे यांचे शास्त्र, आणि पक्ष्यांची माहिती एवढीच यांची बुद्धी. हा निवेदक कोण, तर एक पोपट. एका म्हाताऱ्या शबराने त्याच्या बापाची मान मुरगळली आहे, तेव्हा त्याचा राग आपण समजू शकतो. पण पक्ष्यांची माहिती हे अज्ञानाचे लक्षण म्हणून एका पक्ष्याने सांगावे, याचे आम्हांस नेहमी हसू येते. बाणालाही आले असावे.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर हालाची ‘गाथासप्तशती’ आहे. स. आ. जोगळेकरांनी ती १९५६ साली मराठीत आणली, हे त्यांचे उपकार. तीत व्याधाची झोपडी आहे, त्याची नवी बायको आहे, मोरपीस कानात घालून मोत्यांचे दागिने घातलेल्या सवतींपुढे तोऱ्यात चालणारी. हत्ती मारण्याइतका वेळ नवऱ्याला आता बायकोपासून दूर राहवत नाही, असा त्या मोरपिसाचा अर्थ. राजसभेतल्या रसिकांनी रानातल्या संसाराकडे चोरून पाहिले आणि त्यांना तो गोड वाटला. या गाथा वाचताना आम्हांसही तो गोड वाटतो. पण झोपडीतल्या माणसांना त्या गाथा कधी ऐकू गेल्या असतील काय?

आता ज्या कथेसाठी आम्ही हा सगळा प्रवास केला, ती सांगतो. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ लिहिला, त्याच्या आरंभी ही कथा आहे. पण ती घडते आपल्या पैठणात, सातवाहन राजाच्या दरबारी. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करीत होता. राजा पाणी उडवी. एक राणी संस्कृतात म्हणाली, “मोदकैः”, म्हणजे मा उदकैः, पाण्याने मारू नका. राजाला व्याकरण येत नव्हते. त्याने लाडू मागविले! राणी हसली, सगळा राणीवसा हसला. राजाने अंथरूण धरले, अन्नपाणी सोडले. संस्कृत आले पाहिजे, नाहीतर राज्य तरी कशाला. प्रधान गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवितो. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवितो. गुणाढ्याने पैज घेतली, की तसे झाले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याने कातंत्र व्याकरण मिळवून सहा महिन्यांत राजाला तयार केले. गुणाढ्य हरला. तिन्ही भाषा गेल्यावर माणसापाशी उरले काय? मौन. तो दोन शिष्य घेऊन विंध्यात गेला. तेथे पिशाचांचे बोलणे कानावर पडून पडून तो त्यांची भाषा शिकला, पैशाची. त्या भाषेत त्याला एक महाकथा ऐकावयास मिळाली, आणि ती त्याने सात वर्षे बसून त्याच भाषेत सात लाख श्लोकांत लिहिली. अरण्यात शाई कोठली? स्वतःच्या रक्ताने लिहिली.

शिष्य ती पोथी घेऊन सातवाहनाकडे गेले. राजाने पाहिले, भाषा पिशाचांची, अक्षरे रक्ताची. धिक्कार करून त्याने ती परत पाठविली. हा तोच राजा, जो एका राणीच्या हसण्याने अंथरुणाला खिळला होता! भाषा येत नाही म्हणून हसू झालेल्या माणसाला भाषा येऊ लागली, की तो दुसऱ्याच्या भाषेला काय म्हणतो, ते येथे पाहावे.

गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटविला. एकेक पान वाचावे आणि अग्नीत टाकावे, असा क्रम चालला. ऐकावयास कोण? हरणे, रानडुकरे, रेडे. गवत तोंडात धरावयाचे विसरून, डोळ्यांत पाणी आणून ती ऐकत राहिली. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, कोरडे मांस खाण्यात येते. आचाऱ्यांना विचारले, त्यांनी शिकाऱ्यांकडे बोट दाखविले. शिकाऱ्यांनी सांगितले, की डोंगरावर एक ब्राह्मण पाने वाचून जाळीत बसला आहे, जनावरे चरतच नाहीत, म्हणून त्यांच्या अंगावर मांस नाही. मग शिकारी पुढे आणि राजा मागे, असा तो डोंगरावर गेला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. शिष्यांच्या आवडीची म्हणून एक लाखाची नरवाहनदत्ताची कथा राखून ठेवलेली होती, तेवढी त्याने हातापाया पडून मागून घेतली. हीच ती ‘बृहत्कथा’.

पैशाची म्हणजे कोणती भाषा, यावर पंडितांचा वाद आहे. कोणी ती वायव्येची म्हणतात, कोणी विंध्याच्या बाजूची. भुतांची नव्हती हे नक्की, कारण भुतांच्या भाषेला वररुचीने व्याकरण लिहिले नसते. त्याने नियम दिले आहेत; मेघाचा मेख होतो, माधवाचा माथव, राजाचा राचा. ही हाडामांसाच्या माणसांच्या उच्चाराची लकब आहे. त्या माणसांना पिशाच ठरविले ते नगरातल्या कानांनी.

आणि शेवट असा, की ती वाचलेली लाखाची पोथीही आज नाही. दंडीने तिची वाखाणणी केली. बुधस्वामी, क्षेमेंद्र, सोमदेव यांनी ती संस्कृतात सांगितली, जैन ग्रंथकार संघदासाने प्राकृतात, तमिळातही ती गेली. सगळ्यांनी कथा घेतली. मूळ पैशाची पाने कोणी उतरून ठेवली नाहीत. ओव्हिडचे गेटी काव्य गेले, तशीच हीही गेली. अग्नीत गेली त्याला राजा कारण. उरलेली गेली त्याला आपण सर्व रसिक कारण.

आता आमच्या एका लाजिरवाण्या आठवणीकडे वळतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही वर्गात शिकवीत होतो. आईला तुमच्या घरी काय म्हणतात, असे एकेका मुलाला विचारीत होतो. माय, आई, बा, अशी उत्तरे आली. डोंगराकडून आलेला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “याहा.” वर्ग हसला. वर्ग हसला हे क्षम्य, मुलेच ती. पण आम्हीही हसलो. तो मुलगा बसला, आणि वर्षभरात आमच्या तासाला आपण होऊन काही बोलला नाही. महाशिवरात्रीला या जिल्ह्यातून हजारो माणसे गुजरातेत सागबाऱ्याकडे देवमोगऱ्याला जातात, ती याहामोगीच्या दर्शनाला. मोगीमाता. तोच शब्द. तो आम्हांस नंतर कळला.

आणखी एक गोष्ट हसण्याजोगी आहे. ग्रियर्सनसाहेबांनी हिंदुस्थानातल्या भाषांची मोठी पाहणी केली. तिच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्याला नाव भिल्ल भाषांचे, आणि त्यातच आपली खानदेशी. म्हणजे आपली अहिराणी आणि डोंगरातली देहवाली, मावची, पावरी या एकाच पुठ्ठ्याच्या आत बसल्या आहेत. पुण्याच्या माणसाने अहिराणीला हसावे, आपण देहवालीला हसावे, आणि साहेबाने दोघींना एका पंगतीला बसवावे! त्यांचे वर्गीकरण बरोबर की चूक, ते भाषाशास्त्रज्ञांनी पाहावे. पण त्या पाहणीत ठिकठिकाणच्या बोलींचे नमुने म्हणून बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट त्या त्या बोलीत उतरवून घेतली आहे. काल्गाकसच्या तोंडी टॅसिटसचे विचार, आणि सातपुड्याच्या तोंडी येशूची गोष्ट. याहामोगीची आणि राजा पांठ्याची गाणी तेव्हाही म्हटली जातच असणार.

आपल्याकडे वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ साली निघाला. शहाद्याच्या बाजूच्या चळवळीतला हा भिल्ल कवी. त्यांची ‘स्टेज’ नावाची कविता पुष्कळांना माहीत आहे. व्यासपीठावर कोणी उभे राहावयाचे आणि खाली बसून कोणी ऐकावयाचे, यासंबंधीची ती कविता आहे. ती आम्ही येथे म्हणत नाही. ज्यांनी वाचली असेल त्यांना, आज आम्ही कोठे उभे आहो, हे पाहून काय वाटत असेल, याची कल्पना आम्हांस आहे.

म्हणून चिटणिसांजवळ एक मागणे आहे, ते सर्वांसमक्ष मागतो. पुढल्या वर्षीच्या मालेतील एक पुष्प अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या एखाद्या गायकाला द्यावे. त्याने आपल्या बोलीत राजा पांठ्याची कथा लावावी, आणि आपण खाली बसावे. मराठीत अर्थ सांगावयास त्यांच्यातलेच एखादे शिकलेले माणूस बाजूला असावे, आम्ही नको. अडचण एकच आहे. असे गायन एका तासात आटोपत नाही, रात्र जाते. तेव्हा सभागृह सकाळपर्यंत मिळेल काय, दिव्यांची आणि चहाची सोय काय, हे चिटणिसांनी आत्तापासूनच विचारून ठेवावे.